हिवाळ्यात दार्जिलिंग की कोलकाता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर जवळ आला की नातेवाईक, शेजारी, मुलांच्या वर्गमित्रांच्या आया सगळ्यांकडून मला हेच विचारलं जातं. दोन्हीकडे मी हिवाळ्यात गेले आहे. एकदा आईला घेऊन, एकदा मुलांना घेऊन आणि एकदा आम्ही दोघंच. त्या अनुभवातून आणि दरवेळी केलेल्या चौकशीतून ही उत्तरं लिहिली आहेत.

एक थंड हवेचं ठिकाण, दुसरं एवढं मोठं शहर. या दोघांची तुलना कशासाठी?

महाराष्ट्रातून निघालं की दोन्हींची वाट बरीचशी एकच आहे म्हणून. मुंबईहून गीतांजली, पुण्याहून आझाद हिंद, दोन्ही नागपूरमार्गे हावड्याला जातात. तिथून दार्जिलिंगच्या पायथ्याचं स्टेशन न्यू जलपाईगुडी एका रात्रीवर. त्यामुळे "एवढं कोलकात्यापर्यंत जातोय तर दार्जिलिंगही उरकू" असा विचार सगळ्यांच्याच मनात येतो. हातात नाताळच्या सुट्टीचे पाच-सहा दिवस असतात, त्यातले दोन-तीन प्रवासातच जातात आणि मग दोन्ही ठिकाणं धावतपळत होतात. ठरवायचं असेल तर तिकिटं काढण्यापूर्वी ठरवा.

मग कुठे जाऊ? थोडक्यात सांगा.

तुम्हाला संध्याकाळ कशी घालवायला आवडते, ते आधी स्वतःला विचारा. बघायच्या ठिकाणांची यादी नंतर.

हे सांगण्यामागे कारण आहे. दोन्ही ठिकाणं आपल्या बऱ्याच पूर्वेला आहेत, घड्याळ मात्र देशभर एकच. डिसेंबरात मुंबईत सूर्य मावळायला सहा वाजून जातात. कोलकात्यात पाचच्या सुमारास अंधारू लागतं आणि दार्जिलिंगला पावणेपाचलाच सूर्य गेलेला असतो. त्यानंतर दार्जिलिंगची थंडी हाडात शिरते, सात-आठ वाजेपर्यंत बहुतेक दुकानं बंद होतात आणि माणूस खोलीत दुलईखाली जातो. म्हणजे सकाळ होईपर्यंतचे जवळपास बारा तास खोलीत. पुस्तक, पत्ते, गरम सूप, घरच्यांशी गप्पा यात ज्यांना सुख वाटतं त्यांच्यासाठी यासारखी सुट्टी नाही. ज्यांना संध्याकाळी बाहेर पडल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांचा दुसऱ्याच दिवशी जीव कासावीस होतो. कोलकात्याचं उलट आहे. सकाळ धुरकट, आळसावलेली. पाचनंतर रस्ते, घाट, मिठाईची दुकानं, नाट्यगृहं सगळं जागं होतं.

आमच्या ओळखीतल्या ज्या लोकांची सहल फसली, त्यातल्या बहुतेकांची याच एका कारणाने फसली.

कांचनगंगा खरंच दिसते का?

हिवाळ्यात दिसण्याची शक्यता वर्षात सगळ्यात चांगली. पावसाळ्यात शिखर आठवडेच्या आठवडे ढगात असतं, एप्रिल-मेमध्ये हवा धूसर होते. नोव्हेंबर ते जानेवारीत आकाश निवळलेलं असतं, विशेषतः सकाळी. ८,५८६ मीटर उंचीचं, जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं शिखर गावातल्या रस्त्यावरून दिसतं, ही गोष्ट कितीही वाचली तरी प्रत्यक्ष बघेपर्यंत खरी वाटत नाही.

एक सांगते. पहिल्यांदा गेलेला माणूस क्षितिजावर शोधतो. मीही तशीच शोधत होते. शेजारच्या चहावाल्या दीदीने माझी हनुवटी धरून वर केली. ढगांचा पट्टा संपतो त्याच्याही वर, जिथे फक्त आकाश असायला हवं, तिथे बर्फाची रांग होती. आधी एका टोकावर गुलाबी ठिपका आला, मग तो केशरी होत खाली उतरत गेला आणि दहा मिनिटांत सगळं पांढरं झालं. आई काही बोलली नाही, नुसते हात जोडून उभी राहिली.

आपल्याकडच्या लोकांना या शिखराबद्दल आणखी एका कारणाने जवळीक वाटावी. २०१९ च्या मे महिन्यात पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या दहा गिर्यारोहकांनी एकाच मोहिमेत ते सर केलं.

त्यासाठी पहाटे टायगर हिलला जायलाच हवं का?

नाही. सगळे टूरवाले नेतात म्हणून जायलाच हवं असं काही नाही. टायगर हिल साधारण २,५९० मीटरवर आहे. पहाटे साडेतीन-चारला उठायचं, जीपच्या रांगेत अडकायचं आणि वर गर्दीत टाचा उंचावून बघायचं. ज्यांना तो थरार हवा त्यांनी जरूर जावं. वर जाणाऱ्या गाड्यांवर मर्यादा असते, त्यामुळे आदल्या दिवशीच हॉटेलवाल्यांकडून गाडीची सोय करून घ्या.

पण गावातच चौरस्त्यापासून ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालणारा मॉलचा रस्ता आहे. तिथे गाड्यांना मज्जाव, चढ अगदी सौम्य आणि जागोजागी बाकं. साडेसहाला शाल गुंडाळून तिथे जाऊन बसलात तर तेच शिखर शांतपणे बघता येतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन मी पुन्हा गेले तर टायगर हिलचं नावही काढणार नाही.

मुलांना बर्फात खेळायचंय. दार्जिलिंगला बर्फ पडतो?

क्वचित. एखाद्या वर्षी थोडा पडतो आणि त्याची बातमी होते. गाव सुमारे २,००० मीटरवर आहे आणि हिवाळा कोरडा असतो. मुलांना बर्फाचं वचन देऊन दार्जिलिंगला नेऊ नका, त्यांचा हिरमोड बघवत नाही. बर्फच हवा असेल तर सिक्कीममध्ये त्सोमगो तलावापर्यंत जावं लागतं. ते ३,७५० मीटरच्या आसपास, त्याला परवाना लागतो आणि तेवढ्या उंचीवर लहान मुलांना, हृदयरोग्यांना त्रास होऊ शकतो. ती वेगळी सहल म्हणून आखा.

थंडी कितपत असते?

दार्जिलिंगला डिसेंबर-जानेवारीत दुपारी दहा-बारा अंश, रात्री दोन-पाच अंश. आकडा ऐकून नाशिककर म्हणतात, "एवढी तर आमच्याकडेही पडते." फरक घराचा आहे. आपल्याकडे थंडी पहाटेपुरती असते, दहाला ऊन तापतं, भिंती गरम होतात. तिथे भिंत, फरशी, गादी, नळाचं पाणी सगळं दिवसभर गारच राहतं. बऱ्याच हॉटेलांत खोली गरम करायची कायमची सोय नसते. हीटर मागून घ्यावा लागतो आणि त्याचे रोजचे पैसे वेगळे. हे बुकिंगच्या वेळीच विचारा. गरम पाणी किती वाजता, गिझर आहे की बादलीने आणून देतात, हेही विचारा. दार्जिलिंगला पाण्याची टंचाई जुनी आहे, कोरड्या महिन्यांत ती वाढते, तेव्हा बादलीभर पाण्यात आंघोळ आटपायची तयारी ठेवा.

कोलकात्यात रात्री तेरा-चौदा, दुपारी पंचवीसच्या आसपास. पातळ स्वेटर आणि मफलर पुरे. ज्या शहरात मे महिन्यात चार पावलं चाललं की कपडे अंगाला चिकटतात, तिथे डिसेंबरात दिवसभर पायी फिरता येतं.

आई-वडील सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. त्यांना कुठे नेऊ?

माझं मत स्पष्ट आहे, कोलकात्याला.

दार्जिलिंग डोंगराच्या उतारावर वसलंय. जेवायला जायचं तरी चढ किंवा पायऱ्या. माझ्या आईला ज्या हॉटेलात उतरवलं त्याचा फोटो सुरेख होता, पण रस्त्यापासून स्वागतकक्षापर्यंत बासष्ट पायऱ्या होत्या आणि ते फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी चढताना ती तीनदा बसली. तरीही जायचंच असेल तर "गाडी दारापर्यंत येते का आणि दारापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या" हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागवा. सिलिगुडीहून वर जाताना तीन तासांची वळणं आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधी घ्यावी, पुढच्या सीटवर बसावं आणि कर्सियांगला थांबून थोडं चालावं.

कोलकाता सपाट आहे. व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बागेत उन्हाला बसणं, बेलूर मठ, दक्षिणेश्वर, हुगळीतली होडी, हे सगळं त्यांच्या चालीने होतं. डॉक्टर आणि इस्पितळं हाकेच्या अंतरावर, हेही या वयात मोजावं लागतं.

कोलकात्याची हिवाळ्यातली हवा वाईट असते असं ऐकलंय.

खरं आहे. डिसेंबर-जानेवारीत वारा पडतो, धूर खाली साचतो आणि सकाळी घशाला जाणवतो. दम्याच्या माणसाला घेऊन जाणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोला, इनहेलर जवळ ठेवा आणि सकाळी नऊनंतरच बाहेर पडा. दार्जिलिंगची हवा याबाबतीत उजवी, पण कोरडी गार हवाही दम्याला सोसतेच असं नाही.

कोलकात्याला तर कधीही जाता येईल. हिवाळ्यातच का?

कारण ते शहर वर्षभर हिवाळ्याची वाट बघतं. माझ्यासाठी या एका प्रश्नावरच निकाल कोलकात्याच्या बाजूने झुकतो.

नोलेन गूळच घ्या. आपल्याकडे ज्याला शिंदी म्हणतो त्याच झाडाला बंगालात हिवाळ्यात खाच पाडून रात्रभर मडकं बांधतात. रस काढणाऱ्या माणसाला तिथे शिउली म्हणतात. थंडी जितकी कडक तितका रस गोड आणि सुगंधी. पहाटे उतरवलेला रस लगेच कढवायचा, नाहीतर आंबतो. त्याचा जो काळसर, धुराचा किंचित वास असलेला पातळ गूळ होतो, त्यात केलेले संदेश आणि रसगुल्ले फक्त याच तीन-साडेतीन महिन्यांत खरे मिळतात. उत्तर कोलकात्यात एका जुन्या दुकानापुढे उभं राहून मी मातीच्या भांड्यातला गरम रसगुल्ला खाल्ला. रंग आपल्या गुळाच्या चहासारखा. पाक बोटांवरून ओघळत होता आणि भांडं हाताला ऊब देत होतं. दुकानातल्या आजोबांनी न मागता वर चमचाभर गूळ ओतला आणि म्हणाले, "शीतकाल!" म्हणजे हिवाळा आहे, खा.

संक्रांतीला आपल्याकडे तिळगूळ, तिथे पौष संक्रांतीला पाटीशाप्टा आणि तऱ्हेतऱ्हेचे पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ. त्याच सुमारास गंगासागरला निघालेले साधू बाबूघाटावर मुक्कामाला असतात. जानेवारीत डोव्हर लेन संगीत परिषदेच्या रात्रभराच्या मैफली होतात. सवाई गंधर्वला न चुकता जाणाऱ्यांनी एकदा तरी तिथे बसावं. महिनाअखेरीस पुस्तकमेळा. तो १९७६ पासून भरतो आणि लोक तिथे सहकुटुंब, डबे घेऊन जातात. मैदानावर क्रिकेट, बागांमधून उन्हात पसरलेल्या चटया, सोललेल्या संत्र्यांचा वास. ही संत्री पूर्वापार दार्जिलिंगच्या डोंगरातून यायची, आता बाजारात आपली नागपुरीही भरपूर दिसतात.

नाताळात पार्क स्ट्रीटला जाणं झेपेल का?

२४ आणि २५ तारखेला संध्याकाळी खांद्याला खांदा लागतो. लहान मुलं असतील तर २०-२२ च्या सुमारास जा, रोषणाई तेव्हाही असते. न्यू मार्केटमधल्या नाहूम या १९०२ पासूनच्या ज्यू बेकरीसमोर केकसाठी रांग लागते, ती सकाळी गाठा. २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला अलीपूर प्राणिसंग्रहालय आणि व्हिक्टोरिया टाळाच.

दार्जिलिंगचे चहाचे मळे हिवाळ्यात बघण्यासारखे असतात?

हिरवे असतात, पण झोपलेले. डिसेंबर ते फेब्रुवारी पानांची तोडणी बंद असते, झुडपांची छाटणी चालू असते. पाठीला टोपली लावून पानं खुडणाऱ्या बायका दिसतील या अपेक्षेने जाल तर निराश व्हाल. पहिला बहर, म्हणजे वर्षातल्या पहिल्या कोवळ्या पानांचा चहा, फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये येतो. डिसेंबरात कुणी "ताजा पहिला बहर" म्हणून महाग चहा विकत असेल तर घेऊ नका. त्या वेळी शरदातला चहा घ्यावा, चवीला भरदार असतो.

मुलांना कुठे जास्त आवडेल?

दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात लाल पांडा आणि हिमबिबटे आहेत. त्याच आवारात १९५४ साली स्थापन झालेली गिर्यारोहण संस्था आहे, जिथे तेनझिंग नोर्गे यांनी पुढची कित्येक वर्षं प्रशिक्षण दिलं. गुरुवारी बंद. माझ्या धाकट्याने लाल पांड्यासमोर पाऊण तास घालवला आणि बाकी सहलीतलं त्याला काहीच आठवत नाही. कोलकात्यात सायन्स सिटी, हुगळीच्या पात्राखालून जाणारी मेट्रो, भारतीय संग्रहालय. ट्राम आता मोजक्याच उरल्या आहेत, धावताना दिसली तर लगेच चढा. संग्रहालय आणि व्हिक्टोरियाच्या आतली दालनं सोमवारी बंद असतात.

टॉय ट्रेनने वर जावं का?

न्यू जलपाईगुडीहून पूर्ण प्रवास सात तासांहून जास्त. हौस असेल तरच. बाकीच्यांनी जीपने वर जावं आणि दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग ही दोन तासांची फेरी करावी. १८८१ पासूनची ही गाडी दुकानांच्या फळ्यांना जवळजवळ घासून जाते, बतासिया लूपला स्वतःभोवती गिरकी घेते आणि घूमला २,२५८ मीटरवर पोचते. तिकीट स्वस्त नाही आणि नाताळात लवकर संपतं. वाफेच्या इंजिनाची फेरी घेतलीत तर कोळशाच्या कणांपासून डोळे सांभाळा.

आम्ही शाकाहारी आहोत, हाल होतील का?

दोन्हीकडे नाही. कोलकात्यात "निरामिष" हा शब्द लक्षात ठेवा. मारवाडी वस्ती मोठी असल्याने शुद्ध शाकाहारी जेवणघरं भरपूर. हिवाळ्यात ताज्या मटारच्या सारणाची कोचुरी मिळते, सोबत दमआलू, हा नाश्ता चुकवू नये. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी नाकात जातो, मग सवय होते. दार्जिलिंगला भाज्यांचे मोमो आणि थुक्पा (शेवयांचं सूप) कुठेही मिळतात, मात्र भांडी वेगळी हवी असतील तर आधी विचारून घ्या.

मराठी माणसाने कोलकात्यात मुद्दाम काय बघावं?

बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने ईस्ट इंडिया कंपनीच्या वसाहतीभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही. पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बंगालात आजही बाळाला झोपवताना "बर्गी आले" म्हणतात. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठा घोडेस्वार. स्वाऱ्यांत तिथल्या गावांची काय दशा झाली असेल, ते त्या अंगाईत शिल्लक आहे. आपण ही बाजू शाळेत शिकत नाही, म्हणून त्या गल्लीत पाच मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे हावडा पुलाखालचा मल्लिक घाटाचा फुलबाजार, सकाळी सहा-सातला. झेंडूच्या माळांचे भारे डोक्यावर घेऊन माणसं घाटाच्या पायऱ्या उतरतात. धुक्यात पूल दिसत नाही, फक्त त्याच्यावरच्या रहदारीचा आवाज येतो.

तिकिटं कधी काढावीत?

रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. नाताळच्या तारखांना त्या दिवशी सकाळीच बसा, नाहीतर वेटिंगवर राहाल. हावड्याहून न्यू जलपाईगुडीला डिसेंबर २०२२ पासून वंदे भारत आहे, साडेसात तासांच्या आसपास घेते. रात्रीच्या प्रवासासाठी कोलकात्यातल्याच सियालदा स्टेशनहून दार्जिलिंग मेल सोयीची. विमानाने जाणार असाल तर दार्जिलिंगसाठीच्या बागडोग्रा विमानतळावर जानेवारीच्या सकाळी धुक्याने उड्डाणं लांबतात. दुपारचं विमान घ्या आणि त्याच दिवशी पुढचं काही ठरवू नका.

सुट्टीचं बंधन नसेल तर जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा निवडा. हॉटेलचे दर उतरलेले असतात, गर्दी ओसरलेली असते, गूळ भर हंगामात असतो.

दोन्ही करायचंच असेल तर?

प्रवास धरून निदान नऊ दिवस काढा आणि आधी डोंगर, मग शहर. डोंगरातून उतरायला धुक्यामुळे किंवा गाडीमुळे एखादा दिवस उशीर झाला तर शहरातला एक दिवस कमी होतो, घरी परतायचं तिकीट वाया जात नाही. शिवाय थंडीने आखडलेलं अंग कोलकात्याच्या उन्हात मोकळं होतं. दार्जिलिंगला तीन रात्री, कोलकात्याला तीन. जाड कपडे एका वेगळ्या बॅगेत भरा आणि शहरात आल्यावर ती बॅग उघडूच नका. लोकरीचे मोजे मात्र एक जोडी वर काढून ठेवा, परतीच्या गीतांजलीच्या एसी डब्यात लागतात.